प्रकाश, चुंबक आणि मधले अंतर

लोणारला येणारा माणूस विवराच्या काठावर उभा राहिला की हमखास दोन गोष्टी विचारतो. तळ्याचे पाणी एवढे खारे कसे, आणि इथे होकायंत्र चालत नाही म्हणतात ते खरे का? पहिल्याचे उत्तर वाटाड्यापासून सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याचे उत्तर मी बरीच वर्षे घाईघाईने देत आलो, आणि एका मुलीने ती घाई मोडली.

मी याच भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. थंडीच्या दिवसांत नववीचा वर्ग घेऊन लोणारला जायचा आमचा रिवाज होता. त्या वर्षी एका मुलीने जत्रेतून आणलेले छोटे होकायंत्र काठावरच्या काळ्या खडकाला टेकवले. सुई थोडीशीच, पण स्पष्ट कलली. चार हात पलीकडच्या खडकाला टेकवले तर ती उलट्या बाजूला कलली. मुलीने विचारले, "सर, सुईला दगड दिसतो का?"

दगडात लोहाचे खनिज असते, त्यामुळे सुई ओढली जाते, असे मी तिला सांगितले. ते खरेच होते. पण 'दिसतो का' हा तिचा शब्द माझ्या मनातून गेला नाही. दिसणे हे प्रकाशाचे काम, वळणे हे चुंबकाचे. शाळेच्या पुस्तकात ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या पानांवर असतात आणि परीक्षेतही वेगवेगळ्या प्रश्नांत येतात. त्या मुलीने नकळत ती एकत्र आणली. प्रकाश आणि चुंबक एकमेकांना ओळखतात का, ओळखत असतील तर किती लांबून, आणि ती ओळख दोन्हीकडून असते की एकाच बाजूने, हे प्रश्न तिथून माझ्या मागे लागले. या पुस्तकाची पुढची प्रकरणे त्यांच्या शोधातून लिहिली गेली.

आधी त्या दगडाविषयी. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. अशनीच्या आघाताने ते ज्या खडकात झाले तो खडक दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे आपला रोजचा काळा पाषाण. बुलढाणा जिल्ह्यातल्या विहिरी ज्यात खोदतात, जुनी देवळे ज्याची आहेत, शेताच्या बांधावर जो रचलेला असतो, तोच हा. सुई हलते ती अशनीमुळे, असे लोक समजतात. खरे पाहता अशनी नसता पडला तरी हा पाषाण सुईला हलवतोच, कारण त्याच्या अंगात टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटचे बारीक कण आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत असताना या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरली आणि अजून सोडलेली नाही. लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली या पाषाणातली दिशा मोजून प्रसिद्ध केली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्याबरोबर तेच काम वाढवले. लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आणि त्यातले पुष्कळ थर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलटे असतानाचे आहेत, हे या दगडांनी सांगितले. खंड सरकतात ही गोष्ट अनेकांना अजून पटत नव्हती, त्या काळात सह्याद्रीच्या कातळाने साक्ष दिली. विवराच्या काठावर मात्र आघाताने खडक उलटेपालटे फेकले गेलेले आहेत. म्हणून शेजारच्या दोन दगडांवर सुई दोन बाजूंना कलली तर नवल नाही.

हा झाला चुंबकाचा स्पर्श. तो जवळूनच चालतो. चार बोटे लांब नेले की सुई पुन्हा उत्तरेकडे. या पुस्तकाचा विषय त्याच्या पुढचा आहे. चुंबक आणि प्रकाश यांचे दुरून जुळणे, आणि नुसते जुळणे नव्हे, ताल न सोडता जुळणे.

'ताल' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. त्याचा अर्थ उलगडायला दोन उदाहरणे महाराष्ट्रातलीच घेतो. दोन्हींत प्रकाश आहे, चुंबक आहे आणि प्रचंड अंतर आहे. तरीही दोन्हींत ज्याला युग्मन म्हणतात ते पुरते नाही, आणि काय कमी पडते ते पाहिले की विषय कळतो.

पहिले उदाहरण कुलाब्याचे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग रेखाटत असताना त्याला एका डागापाशी झगझगीत उजेड फुटलेला दिसला. तो उजेड पृथ्वीवर यायला आठ मिनिटे लागली. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी सूर्याने फेकलेला चुंबकित वायूचा लोंढा येऊन धडकला, आणि कुलाब्याच्या उपकरणांत आडव्या क्षेत्राची नोंद सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली कोसळली. निरीक्षक डोळ्यांनी पाहून आकडे लिहीत होते. त्यांनी ते इमानाने लिहिले म्हणून त्या वादळाची ताकद आज आपण मोजू शकतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मापे बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांनी १९०४ साली चुंबकीय काम अलिबागला हलवले. तिथली इमारत लोखंड टाळून पोरबंदरच्या दगडात बांधली. आपल्या काळ्या पाषाणाच्या अंगात चुंबक आहे हे एकदा कळले की ही निवड किती शहाणपणाची होती ते उमगते. सुईच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका कागदावर नोंद करतो, ही जुनी रीत अशा वेधशाळांत अनेक दशके चालली.

सूर्यावर काही घडले आणि मुंबईतली सुई हलली. परिणाम झाला, पण ताल नाही. सूर्यावरचा उजेड आणि कुलाब्याची सुई यांत कोणतेही ठरलेले पाऊल नव्हते. वादळाने दार आपटते, तसे हे.

दुसरे उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि प्रकाशतंतूंनी जोडल्या आहेत. या दुर्बिणीची भिस्त तालावरच आहे. एकाच ताऱ्याची लाट प्रत्येक थाळीवर किंचित पुढे-मागे पोचते. तो फरक अचूक धरून सगळ्या लाटा एका पावलावर आणल्या तरच तीस थाळ्यांची एक दुर्बीण होते. आणि या लाटा वाटेत चुंबकाला भेटून आलेल्या असतात. आकाशगंगेतल्या पोकळीत विरळ विद्युतभारित वायू आणि अतिशय दुबळे चुंबकक्षेत्र आहे. त्यातून जाताना लाटेच्या कंपनाची दिशा हळूहळू फिरते. तरंगलांबी जितकी मोठी तितकी ती जास्त फिरते, आणि खोडदला मोठ्या तरंगलांबीच्याच लाटा पकडतात. हजारो प्रकाशवर्षांवरून आलेल्या लाटेचा हा पीळ मोजून वाटेतला चुंबक किती आणि कोणत्या दिशेचा ते सांगता येते.

हा पीळ पहिल्यांदा पाहिला मायकेल फॅरेडेने, १३ सप्टेंबर १८४५ रोजी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. शिसे घातलेल्या जड काचेच्या तुकड्यातून त्याने एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश सोडला. शेजारचा विद्युतचुंबक चालू केल्यावर प्रकाशाचे प्रतल फिरले. प्रकाशाचा चुंबकाशी संबंध आहे याचा तो पहिला पुरावा. मॅक्सवेलची समीकरणे त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आली. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की फॅरेडेला गणित फारसे येत नव्हते, आणि त्याने वर्षानुवर्षे फसलेले प्रयोग वहीत मांडून ठेवले होते. अशा वह्या विज्ञानाची खरी पुंजी आहेत.

तर खोडदच्या उदाहरणात ताल आहे. लाटेचे पाऊल शाबूत राहते, नाहीतर पीळ मोजताच आला नसता. पण ही ओळख एकतर्फी आहे. लाट चुंबकाची खूण घेऊन आली, चुंबकाला मात्र तिचा पत्ता नाही. प्रकाशाने चुंबकाला हलवावे, चुंबकाने प्रकाशाला परत द्यावे, आणि ही देवाणघेवाण ताल धरून चालावी, तेव्हा त्याला सुसंगत युग्मन म्हणायचे.

युग्मन घरी पाहता येते. दोन खुंट्यांमध्ये सुतळी आडवी बांधा. तिच्यावर हातभर अंतराने सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखे लोटे टांगा. एकाला झोका द्या. थोड्या वेळाने दुसरा आपोआप हलू लागतो, पहिला थांबत जातो. मग दुसरा पूर्ण जोरात, पहिला स्तब्ध. मग पुन्हा उलट. झोका इकडून तिकडे जातो, परत येतो. दोऱ्यांची लांबी वेगळी ठेवली की ही गंमत संपते, कारण दोघांची कंप्रता जुळत नाही. आणि लोटे तेलात बुडवले तर झोका पलीकडे पोचण्याआधीच मरतो. या विषयातली सगळी झुंज एवढ्यात सामावली आहे. देवाणघेवाणीचा वेग झिजेच्या वेगापेक्षा जास्त असला पाहिजे. तो तसा असला की युग्मन 'प्रबळ' झाले असे म्हणतात.

आता एका लोट्याच्या जागी प्रकाश ठेवायचा आणि दुसऱ्याच्या जागी चुंबक. प्रकाश म्हणजे इथे बहुधा सूक्ष्मतरंग, मोबाइल आणि वायफाय ज्यावर चालतात त्या जातीच्या लाटा. त्या धातूच्या छोट्या पोकळीत कोंडल्या की घुमत राहतात. चुंबक कसा घुमणार? प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवला चुंबक असतो आणि बाहेरच्या क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डुलत फिरतो. एक टेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला सुमारे २८ अब्ज फेऱ्या. बुलढाण्यात पृथ्वीचे क्षेत्र ४० ते ४५ हजार नॅनोटेस्लांच्या घरात आहे, त्यात मोकळा इलेक्ट्रॉन सेकंदाला बारा लाखांच्या आसपास फेऱ्या घेईल. आकाशवाणीच्या मध्यम लहरी याच पट्ट्यात येतात. हा हिशेब वर्गात फळ्यावर केला तेव्हा मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

चुंबकात असे इलेक्ट्रॉन सुटे नसतात. शेजाऱ्याशी बांधलेले असतात. एक डुलला की दुसरा डुलतो, आणि त्या डुलण्याची लाट पदार्थातून धावते. फेलिक्स ब्लॉखने १९३० साली या लाटेचा सिद्धांत मांडला. तिच्या एका पुडक्याला मॅग्नॉन म्हणतात, जसे प्रकाशाच्या पुडक्याला फोटॉन.

मग लोणारचाच दगड पोकळीत ठेवला तर? नाही चालणार, आणि का चालणार नाही ते समजून घेण्यासारखे आहे. देवळातली काशाची घंटा वाजवली की नाद बराच वेळ राहतो, दगडावर टोल मारला तर थप्प होऊन संपतो. पाषाणातले कण वेगवेगळ्या आकाराचे, वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले. शिवाय मॅग्नेटाइटमध्ये इलेक्ट्रॉन एका लोह-अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारतात आणि डुलण्यातली ऊर्जा उष्णतेत जिरते. तो पदार्थ आठवण ठेवायला उत्तम, नाद ठेवायला निकामी. चुंबकाची घंटा सापडली १९५६ साली, फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे, बर्टो आणि फोरा यांना. यिट्रियम, लोह आणि ऑक्सिजन यांचा गार्नेटच्या घडणीचा हा स्फटिक. त्याला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून यिग म्हणतात. त्यातून वीज वाहत नाही, सगळे लोह-अणू एकाच अवस्थेत असतात आणि एकदा डुलवलेला चुंबक इतर पदार्थांच्या मानाने फार वेळ डुलत राहतो. त्याची घासून गुळगुळीत केलेली काळसर गोळी खसखशीच्या नाहीतर मोहरीच्या दाण्याएवढी असते. या विषयातले बहुतेक प्रयोग तिच्यावर उभे आहेत.

एवढ्याशा गोळीने प्रकाश पकडला जातो तो संख्येच्या बळावर. इथे मला शेगावची दिंडी आठवते. गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीला पायी पंढरपूरला जाते आणि परतीच्या वाटेवर लोणार, मेहकरवरून खामगावला येते. मेहकरच्या रस्त्यावर मी ती कितीदा तरी पाहिली आहे. एका वारकऱ्याचा टाळ रस्त्यापलीकडे ऐकू येईल न येईल. शेकडो टाळ एका ठेक्यावर पडले की घराच्या खिडक्या थरथरतात. तेच टाळ आपापल्या मनाने वाजले तर नुसता गलका. रॉबर्ट डिकीने १९५४ साली हे अणूंच्या बाबतीत गणिताने दाखवले. एका तालात असलेल्या घटकांचे प्रकाशाशी युग्मन त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. टोकियोत २०१४ साली यासुनोबू नाकामुरा यांच्या गटाने अर्ध्या मिलिमीटरची यिगची गोळी सूक्ष्मतरंगांच्या पोकळीत ठेवून निरपेक्ष शून्याजवळ थंड केली. एकट्या इलेक्ट्रॉनाला प्रकाशाशी एक देवाणघेवाण पुरी करायला पंचवीस सेकंद लागले असते. गोळीत असे १ वर १८ शून्ये एवढे किंवा त्याहून थोडे अधिक इवले चुंबक होते. सगळे एका तालात असल्याने देवाणघेवाण सेकंदाला ४ कोटी ७० लाख वेळा झाली. हे होईल असे गणित सोयकाल आणि फ्लाटे यांनी २०१० मध्ये मांडले होते. जर्मनीतल्या गार्खिंगला २०१३ मध्ये ते पहिल्यांदा दिसले, आणि टोकियोच्या बरोबरीने येल आणि पर्थ इथेही त्याची खात्री पटली.

पण इथवर गोळी पोकळीच्या आतच होती. दोन्ही लोटे एकाच सुतळीवर, हातभर अंतरावर. माझ्या मते या विषयाचा कळीचा भाग पुढे आहे, आणि पुस्तकाची सर्वांत मोठी दोन प्रकरणे मी त्यालाच दिली आहेत. गोळी एका टेबलावर, पोकळी दुसऱ्या खोलीत, मध्ये लांब तार. आता काय?

अडचण अशी. पोकळीतली लाट तारेत उतरली तरच ती गोळीपर्यंत जाईल. पण तारेत उतरणे म्हणजे पोकळीची गळती. दूर पोचायचे तर दार उघडावे लागते, आणि दार उघडे ठेवले की घरातला आवाज बाहेर निघून जातो. जितके उघडावे तितका पोकळीचा नाद लवकर मरतो, म्हणजे झिजेचा वेग वाढतो आणि प्रबळपणा जातो. अंतर आणि नाद यांतले एकच मिळेल असे वाटत होते. अनेक वर्षे बहुतेक प्रयोग सेंटिमीटरांत अडकले, त्याचे कारण हेच.

दिंडीतही ही अडचण असते. मृदंग पुढे, शेवटची रांग मागे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. वीस मीटर मागच्या माणसाला ठेका सेकंदाच्या सतराव्या भागाने उशिरा ऐकू येतो, आणि क्षीणही. नवख्या दिंडीची शेपटी म्हणूनच मागे ओढल्यासारखी वाजते. मुरलेली दिंडी हे कसे सांभाळते ते जवळून पाहिले आहे. रांगांमध्ये ठरावीक अंतरावर अनुभवी टाळकरी असतात. ते स्वतःचा वेगळा ठेका लावत नाहीत. पुढून आलेला ठेकाच, जेवढा क्षीण झाला तेवढाच भरून काढून, मागे देतात. त्यांनी जास्त जोर लावला तर दिंडी त्यांच्या मागे जाईल आणि मृदंगाशी नाते तुटेल.

२०२३ साली जिनवेइ राव, बिमू याओ आणि त्यांच्या चीनमधल्या सहकाऱ्यांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात जो प्रयोग मांडला तो मला या टाळकऱ्यांची आठवण करून देतो. त्यांनी पोकळीतच एक वर्धक बसवला. तो गळतीची भरपाई करतो, पण ठरावीक पातळीला पोचला की आपोआप थांबतो. दार उघडेच राहते, लाट तारेत उतरतेच, तरी पोकळीचा नाद मरत नाही. लांब कोएक्सियल तारेच्या दुसऱ्या टोकाला चुंबकाची गोळी. आणि हे सारे साध्या खोलीच्या तापमानाला. सुसंगत युग्मन सुमारे २० मीटरपर्यंत टिकले.

वीस मीटर म्हणजे शाळेच्या दोन-तीन वर्गखोल्या. हे अंतर थोडे वाटेल, म्हणून हिशेब करून पाहू. तारेत लाट सेकंदाला साधारण २० कोटी मीटर जाते. कंप्रता पाच गिगाहर्ट्झ धरली तर एक पूर्ण लाट तारेत चार सेंटिमीटर जागा घेते. वीस मीटरांत अशा पाचशे लाटा मावतात. पाचशे पावले चालून पाचशेएकावे पाऊल ठरल्या जागी पडणे, हे या प्रयोगाचे यश आहे. तार सेंटिमीटरभर कमी-जास्त झाली तरी पाऊल पाव लाटेने सरकते. संशोधकांनी याच गोष्टीचा उपयोग केला. वाटेतल्या लाटेची कला, म्हणजे तिचे पाऊल, आणि तिची उंची बदलून त्यांनी दूरवरून युग्मनाचा स्वभाव पालटला. एका प्रकारात दोन्ही घटक ऊर्जा इकडून तिकडे देत राहतात. दुसऱ्यात ते एकमेकांना ओढून एकाच कंप्रतेवर आणतात. हा दुसरा, झिजेतून येणारा प्रकार सुमारे ७.६ मीटरपर्यंत दिसला. गोळीला हात न लावता आणि पोकळीला हात न लावता, फक्त मधल्या वाटेवरून दोघांचे नाते बदलले. माझ्या दृष्टीने अंतराच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

'कला' हा शब्द आपल्याला चंद्रामुळे माहीत आहे. चंद्र किती भरला, किती सरला ते कला सांगते. लाटेची कलाही तेच सांगते, ती आपल्या फेरीत कुठवर आली. मराठीत हा शब्द आधीपासून घरचा असताना तो सोडून दुसरीकडे जायचे कारण मला दिसले नाही.

दिसणाऱ्या प्रकाशाचे काय, असे वाचक विचारेल. तिथे वाट जास्त खडतर आहे. दिसणारा प्रकाश सेकंदाला लाखो अब्ज वेळा कंप पावतो, चुंबक फार तर काही अब्ज वेळा. लोट्यांच्या दोऱ्या एवढ्या वेगळ्या लांबीच्या असताना झोका थेट जाणार नाही. त्यामुळे वाटा आडवळणाच्या आहेत. डेन्मार्कमधल्या आर्हुसला २००१ साली युल्सगार्ड, कोझेकिन आणि पोल्झिक यांनी सिझियम वायूच्या दोन वेगळ्या कुप्यांतून एकच ध्रुवित प्रकाशझोत नेला आणि दोन्ही कुप्यांतल्या अणूंचे चुंबकत्व पुंज-गुंतणुकीने, म्हणजे क्वांटम दुव्याने, बांधले. १८४५ सालच्या फॅरेडेच्या पिळाचेच हे सूक्ष्म रूप होते. स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये २०२० साली लेसरच्या झोताने एक मीटर अंतरावरच्या दोन गोष्टी जोडल्या. एकीकडे रुबिडियमच्या अणूंचे सामूहिक चुंबकत्व, दुसरीकडे ढोलाच्या पानासारखा थरथरणारा पातळ पडदा. देवाणघेवाण दोन्हीकडून आणि प्रबळ.

तिसरी वाट मला विशेष आवडते. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी कुजबुजलेला शब्द घुमटाच्या कडेने सरकत पलीकडच्या माणसाच्या कानात पडतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी अशा कुजबुजणाऱ्या सज्जांवर संशोधन केले आणि त्यात गोलघुमटही होता. यिगच्या गोळीत अवरक्त प्रकाश सोडला तर तोही आतल्या कडेने असाच फेऱ्या मारतो. एकेका फेरीत चुंबकाशी त्याची भेट होते आणि कधीमधी एखादा फोटॉन मॅग्नॉन देऊन किंवा घेऊन बाहेर पडतो. टोकियो, येल आणि केंब्रिज इथे २०१६ च्या सुमारास हे दिसले. आशा अशी की थंड पेटीतल्या पुंजसंगणकाची सूक्ष्मतरंगांतली भाषा चुंबकाने समजून घ्यावी आणि प्रकाशतंतूतल्या प्रकाशाच्या भाषेत सांगावी. आजघडीला या दुभाष्याची क्षमता फारच तुटपुंजी आहे. ती वाढेल असे मानायला कारणे आहेत, पण या पुस्तकात मी कुठेही ती वाढली आहे असे म्हटलेले नाही.

याचा आपल्याला उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो आणि तो रास्त आहे. प्रकाश आणि चुंबक यांची साधी, एकतर्फी जोडी रोजच्या कामाला कधीच लागली आहे. दूरवर प्रकाशतंतू चालवणाऱ्या लेसरपुढे बहुधा चुंबकी गार्नेटचा एक चिमुकला तुकडा असतो. तो प्रकाश पुढे जाऊ देतो, मागे परतू देत नाही, कारण फॅरेडेचा पीळ परतीच्या वाटेवर उलगडत नाही, दुप्पट होतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा उभ्या राहणार आहेत. त्यांतल्या लेसरलाही असेच राखणदार लागतात. आयआयटी मुंबईत हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या दोषावर हिरवा प्रकाश टाकून त्याच्या लाल उजेडावरून सूक्ष्म चुंबकक्षेत्रे मोजण्याचे काम चालते. २०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानात संवेदन आणि मापन यांचे केंद्र याच संस्थेकडे आले आहे. लोणारहून तिथवरचा प्रवास एका रात्रीच्या गाडीचा आहे. आपल्या शाळांतली मुले तिथे पोचायला हवीत असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी पहिली ओळख त्यांच्या भाषेत व्हायला हवी.

शब्दांविषयी थोडे. ध्रुवण, कंप्रता, अनुस्पंदन, परिवलन हे शब्द मराठी विश्वकोशाने रुळवलेले आहेत, ते मी तसेच घेतले. फोटॉन, मॅग्नॉन, लेसर यांना मराठी कपडे चढवले नाहीत. गणित दोन प्रकरणांतच आहे. दहावीचे बीजगणित येणाऱ्याला ते जमेल. ज्याला ते नको असेल त्याने ती पाने ओलांडावीत, पुढचे काही अडणार नाही. लोट्यांचा प्रयोग मात्र कोणी ओलांडू नये. तो वाचून कळत नाही, करून कळतो.

ज्या मुलीच्या प्रश्नाने हे सुरू झाले तिला मी त्या दिवशी अर्धे उत्तर दिले होते. सुईला दगड दिसत नाही. पण योग्य चुंबक, योग्य लाट आणि मधली वाट नीट सांभाळली, तर चुंबकाला प्रकाश 'दिसतो', वीस मीटरवरूनही, आणि प्रकाशालाही चुंबक कळतो. उरलेले उत्तर पुढच्या पानांत आहे.

शिक्षकांना एक विनंती. या हिवाळ्यात मुलांना घेऊन लोणारला याल तेव्हा चार-पाच स्वस्तातली होकायंत्रे बरोबर आणा. काठावरच्या खडकांवर सुई कुठे, किती अंश कलते ते मुलांना वहीत लिहायला लावा. दगड मात्र उचलू नका. ते अभयारण्य आहे, आणि ते दगड जिथे पडले तिथेच राहिले पाहिजेत.